देवघरातील शंख : कवचावरील तीन खुणा

महाराष्ट्रातील घराघरांतून देवपूजेच्या साहित्यात घंटा, ताम्हन, पळी आणि शंख यांची जागा ठरलेली असते. विष्णूच्या आयुधांत शंखाची गणना होते. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या डाव्या हातात शंख आहे. आरतीचा आरंभ अनेक मंदिरांतून शंखनादाने होतो. ‘शंखातून आले की तीर्थ’ ही म्हण तर कोणत्याही अधिकृत मुखातून आलेल्या शब्दाला सहज लावली जाते. तथापि ज्या वस्तूला समाजात एवढा मान आहे ती मुळात काय आहे, ती कोणत्या समुद्रातून येते आणि तिची खरी ओळख कोणती, याची माहिती फार थोड्या लोकांना असते.

या अज्ञानामुळे दोन प्रकारची हानी होते. पहिली हानी ग्राहकाची. ‘दक्षिणावर्ती शंख’ म्हणून यात्रेच्या ठिकाणी, शहरातील दुकानांत व आता टपालाने घरपोच विकले जाणारे अनेक शंख भारतीय समुद्रातील नसतातच. ते हजारो मैल दूर असलेल्या अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वेगळ्याच प्राण्याचे कवच असते, आणि त्यासाठी श्रद्धाळू माणूस हजारो रुपये मोजतो. दुसरी हानी त्या प्राण्याची. शंख हा समुद्राने आपोआप घडविलेला दगड नाही. तो एका सजीवाचा देह आहे आणि त्या सजीवाच्या जीवनक्रमाची रीत अशी आहे की, एकदा एखाद्या जागेवरून तो नाहीसा झाला म्हणजे तेथे पुन्हा भराभर वाढत नाही.

विशेष म्हणजे या दोन्ही गोष्टी शंखाच्या कवचावरच नोंदलेल्या आहेत. कळसाचे टोक, पाणी पडण्याची चोच आणि मुखाच्या आतील खांबावरचे कंगोरे या तीन खुणा ज्याला वाचता येतील, त्याला शंखाचा जन्म, आहार आणि कूळ ही तिन्ही कळतील.

शंख हा प्राणी

शेतात व परसात पावसाळ्यात दिसणारी गोगलगाय सर्वांच्या परिचयाची आहे. शंख हा तिचाच समुद्रातील दूरचा भाऊबंद होय. प्राणिशास्त्रात दोघांचाही समावेश मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गात होतो. मऊ, हाडे नसलेले शरीर, पोटाखालचा स्नायुमय पाय आणि पाठीवर वेटोळ्यांचे कवच ही या वर्गाची सर्वसाधारण लक्षणे आहेत.

पूजेच्या शंखाचे शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम् असे आहे. यातील ‘पायरम्’ हा शब्द नासपतीच्या फळाशी संबंधित असून, मध्ये फुगीर व एका टोकाकडे निमुळता होत जाणारा शंखाचा आकार त्या नावातून सूचित होतो. वर्गीकरणशास्त्राचा पाया घालणारे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांनी अठराव्या शतकात या प्राण्याला प्रथम शास्त्रीय नाव दिले. परंतु त्याचा सविस्तर अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ मध्ये भारतीय शंखावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राण्याची रचना, त्याची मासेमारी, बांगड्यांचा धंदा आणि धार्मिक चालीरीती या सर्वांचा विचार त्यात केलेला आहे.

मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट या संदर्भात नमूद करण्याजोगी आहे. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा ओखामंडळ हा प्रदेश त्या काळी बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होता. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने या किनाऱ्याची सागरी पाहणी हॉर्नेल यांच्याकडून करवून घेतली आणि तिचा अहवाल १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रातील संपत्तीचा उपयोग करावयाचा तर आधी तिची मोजदाद व अभ्यास केला पाहिजे, ही दृष्टी एका मराठी संस्थानिकाच्या राज्यकारभारात त्या काळी होती.

कवचाची रचना

शंखाचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या द्रव्याचे बनलेले असते. शरीरावरील प्रावार नावाचे पातळ आवरण हे द्रव्य स्रवते आणि मुखाच्या कडेला थरावर थर चढत जातात. म्हणून कवचाचा सर्वांत जुना भाग कळसाच्या टोकाशी आणि सर्वांत नवा भाग मुखाच्या ओठाशी असतो. प्राणी जसजसा मोठा होतो तसतसे तो जुने घर न सोडता त्यालाच पुढे नवी खोली जोडत जातो, असे म्हणता येईल.

देवघरात दिसणारा शुभ्र, गुळगुळीत शंख समुद्रातून तसा निघत नाही. जिवंत शंखावर तपकिरी रंगाची जाड साल असते. तिला परिकवच म्हणतात. ही साल घासून काढल्यावर आतील चिनीमातीसारखे पांढरे कवच दिसू लागते. मुखाच्या आतील बाजूस पुष्कळदा फिकट गुलाबी किंवा नारिंगी झाक असते. पूर्ण वाढलेला शंख सामान्यतः १० ते १५ सेंटिमीटर लांब असतो. त्याहून मोठेही नमुने मिळतात. प्राणी कवचात शिरला म्हणजे पायाला चिकटलेल्या शिंगासारख्या द्रव्याच्या झाकणाने तो दार लावून घेतो. या झाकणास प्रच्छद असे नाव असून धूप व उदबत्तीच्या धंद्यात त्याला मागणी असते.

मुखातून आत पाहिल्यास मधोमध एक पिळदार खांब दिसतो. सगळी वेटोळी या खांबाभोवती फिरलेली असतात. त्याला स्तंभिका म्हणतात. प्राण्याला कवचाशी बांधून ठेवणारा बळकट स्नायू याच स्तंभिकेला जोडलेला असतो. पूजेच्या शंखाच्या स्तंभिकेवर तीन किंवा चार ठळक कंगोरे असतात. ते खांबाला आडवे जात असून मुखात बोट घातले असता सहज हाताला लागतात. शंखाचे कूळ सांगणारी ही खूण विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचा उपयोग पुढे स्पष्ट होईल.

चोच आणि आहार

अभिषेकाच्या वेळी शंखातील पाण्याची धार ज्या निमुळत्या चोचीतून पडते, ती चोच प्राण्याच्या दृष्टीने त्याच्या पुढच्या अंगाला असते. जिवंतपणी या पन्हळीतून त्याची एक लवचिक नळी बाहेर निघालेली असते. या नळीने प्राणी पाणी आत ओढतो. त्या पाण्यातून त्याला श्वसनासाठी प्राणवायू मिळतो आणि भक्ष्याचा वासही लागतो. शंखाच्या गणातील बहुसंख्य गोगलगाई मांसाहारी असून अशी चोच हे त्यांचे एक ओळखीचे लक्षण आहे. पाल्यावर चरणाऱ्या बागेतील गोगलगाईच्या कवचाला अशी पन्हळ नसते, हा फरक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येईल.

शंख हा शिकारी प्राणी आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. त्याची चाल मंद असते. परंतु त्याचे भक्ष्यही पळून जाणारे नसते. समुद्रतळाच्या वाळूत नळ्या करून राहणारे पॉलिकीट वर्गातील कृमी हे त्याचे मुख्य अन्न होय. वाळूत अर्धवट रुतून बसलेला शंख आपली लांब सोंड कृमीच्या बिळात घालतो आणि भक्ष्य ओढून घेतो. त्यामुळे शंखाची वस्ती नेहमी अशा कृमींच्या वस्तीवर अवलंबून असते. उथळ समुद्रातील वाळूचा किंवा किंचित गाळमिश्रित वाळूचा तळ त्याला मानवतो. खडकाळ तळावर त्याचे पोट भरत नाही. पाणबुडे ज्या जागांना शंखांची ‘शेते’ मानतात त्या जागा खरे पाहता या कृमींची शेते असतात.

कळसाचे टोक : जन्माची नोंद

समुद्रातील पुष्कळ शंखशिंपल्यांची पिले जन्मतः सूक्ष्म डिंभांच्या रूपात असतात. हे डिंभ काही दिवस किंवा आठवडे पाण्याच्या प्रवाहाबरोबर तरंगत जातात आणि जन्मस्थानापासून दूर जाऊन तळावर स्थिर होतात. कालवांचा व तिसऱ्यांचा प्रसार अशा रीतीने होतो. एके ठिकाणचा साठा संपला तरी दुसरीकडून आलेल्या डिंभांमुळे तो पुन्हा भरून येण्याची शक्यता असते.

शंखाची रीत याहून वेगळी आहे. मादी वाळूत एक लांब, वाकडे, कडी-कडीचे अंडसंपुट उभारते. दिसावयास ते मेंढ्याच्या शिंगासारखे असते आणि त्याची लांबी वीतभर किंवा त्याहूनही अधिक भरते. त्याचा एक शेवट वाळूत रोवलेला असतो. संपुटात एकावर एक रचलेले अनेक कप्पे असून प्रत्येक कप्प्यात काही पिले वाढतात. डिंभावस्था संपुटाच्या आतच पार पडते. पिले बाहेर येतात तेव्हा ती तरंगणारे डिंभ नसून पाठीवर कवच असलेले छोटे शंखच असतात. बाहेर पडताच ती तेथल्याच वाळूत सरपटू लागतात.

याची नोंद कवचावर राहते. संपुटात असताना तयार झालेले आद्यकवच शंखाच्या कळसाच्या अगदी टोकाला, एखाद्या फुगीर बोंडासारखे, कायम असते. तरंगत्या डिंभांपासून वाढणाऱ्या गोगलगाईंचे टोक बारीक व अणकुचीदार असते. शंखाचे टोक मात्र बोथट व मोठे असते. जुन्या शंखांचे टोक पुष्कळदा झिजलेले असते, आणि फुंकण्याच्या शंखाचा कळस तर मुद्दामच कापलेला असतो. म्हणून ही खूण पाहावयाची असल्यास अभिषेकाचा अखंड शंख घ्यावा.

या एका वैशिष्ट्याचे परिणाम दूरवर पोचतात. शंखाचा प्रसार हा पायी चालणाऱ्याचा प्रसार आहे. एका भागातील शंख दुसऱ्या भागातील शंखांत सहसा मिसळत नाहीत. त्यामुळे निरनिराळ्या भागांतील शंखांच्या ठेवणीत फरक पडत गेला. रामेश्वरजवळच्या रामसेतूच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील शंखांच्या आकारांतही भेद असल्याचे हॉर्नेल यांनी नोंदविले आणि प्रदेशानुसार शंखाचे अनेक प्रकार मानले. व्यापारीही शंख पाहून तो कोणत्या बाजूचा हे सांगत असत.

वास्तव्याचा प्रदेश

टर्बिनेला पायरम् या जातीचे वास्तव्य भारतीय उपखंडाच्या भोवतालच्या समुद्रापुरते मर्यादित आहे. तमिळनाडूचा कोरोमंडल किनारा, पाल्क उपसागर, मन्नारचे आखात आणि त्यापलीकडील श्रीलंकेचा किनारा हे त्याचे सर्वांत मोठे क्षेत्र होय. तुतिकोरिन म्हणजे आजचे तूत्तुकुडी, तसेच रामेश्वर ही या व्यापाराची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. केरळच्या दक्षिण भागातही शंख मिळतो. पूर्वीच्या त्रावणकोर संस्थानाच्या राजचिन्हात शंख होता. १८८८ मध्ये निघालेल्या त्या संस्थानाच्या पहिल्या टपाल तिकिटांवर तोच छापलेला होता, आणि आजच्या केरळ राज्याच्या मुद्रेतही तो आहे. पश्चिमेकडील दुसरे क्षेत्र गुजरातमधील कच्छच्या आखाताचे असून तेथून ते कराचीच्या बाजूला जाते. द्वारकेजवळच्या बेटाला ‘शंखोद्धार’ हे जुने नाव आहे, ते या दृष्टीने सार्थ वाटते. याखेरीज अंदमानच्या समुद्रातही ही जात आढळते.

महाराष्ट्र व गोव्याचा किनारा या दोन पश्चिमी क्षेत्रांच्या मध्ये येतो. कोकणच्या वाळूवर शंखशिंपले विपुल सापडतात. परंतु पूजेच्या शंखाची मोठी मासेमारी या किनाऱ्यावर उभी राहिली नाही. कोकणातील देवघरात असलेला शंखही बहुधा दक्षिणेतून किंवा सौराष्ट्रातून आलेला असतो.

असे असले तरी महाराष्ट्राचा शंखाशी संबंध फार प्राचीन आहे. कच्छच्या आखाताच्या काठी नागेश्वर येथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९८० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा हडप्पा संस्कृतीच्या काळातील शंखकामाची एक वसाहतच उजेडात आली. शंखाचे आडवे काप घेऊन, मधली स्तंभिका काढून टाकून त्याच्या बांगड्या बनविण्याची कला चार हजारांहून अधिक वर्षे जुनी आहे. महाराष्ट्रातही तेर, नेवासे, भोकरदन यांसारख्या सातवाहनकालीन स्थळांवर शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले आहेत. समुद्रापासून इतक्या दूरच्या नगरांत शंख पोचत होता, याचा अर्थ बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांना जोडणारे व्यापारी मार्ग चालू होते. बंगालमध्ये सौभाग्यलेणे म्हणून शंखाच्या बांगड्या घालण्याची चाल आजही आहे आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल मुख्यतः तमिळनाडू व श्रीलंका येथून जात आला आहे.

डावा शंख आणि उजवा शंख

ज्याप्रमाणे उजव्या सोंडेच्या गणपतीला विशेष महत्त्व दिले जाते, त्याचप्रमाणे उजव्या म्हणजे दक्षिणावर्ती शंखालाही मान आहे. हा भेद नीट समजून घेतला पाहिजे. कारण फसवणुकीचे मूळ तेथेच आहे.

शंख हातात घेऊन कळस खाली व चोच वर करावी, आणि मुख आपल्याकडे वळवावे. नेहमीच्या शंखाचे मुख अशा वेळी डाव्या बाजूला येते. हा वामावर्ती शंख होय. मुख उजव्या बाजूला आले तर तो दक्षिणावर्ती. प्राणिशास्त्रात मात्र कवच कळस वर धरून पाहण्याचा प्रघात आहे. त्यामुळे परंपरेतील वामावर्ती शंख शास्त्रीय ग्रंथांत उजव्या वळणाचा आणि परंपरेतील दक्षिणावर्ती शंख डाव्या वळणाचा म्हणून नोंदलेला असतो. वस्तू एकच, धरण्याची पद्धत दोन, यामुळे हा गोंधळ होतो. काही विक्रेते साधा शंख उलटा धरून दक्षिणावर्ती म्हणून दाखवितात, तेही याच गोंधळाच्या आधारावर.

दक्षिणावर्ती शंख ही वेगळी जात नाही. तो टर्बिनेला पायरम् या जातीतीलच, उलट्या वळणाने वाढलेला एक विरळ प्राणी होय. वेटोळ्याची दिशा अंड्याचे पहिले काही विभाजन होत असतानाच ठरते. गोड्या पाण्यातील लिम्निया या गोगलगाईवर झालेल्या आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून असे दिसून आले की, ही दिशा पिलाच्या स्वतःच्या नव्हे, तर त्याच्या मातेच्या आनुवंशिक गुणांवरून ठरते. पूजेच्या शंखात उलट्या वळणाचा नमुना इतका दुर्मिळ असतो की, पाणबुड्यांना तो मिळणे हा मोठा योगायोगच समजला जातो. यावरून एक साधा प्रश्न निर्माण होतो. जी वस्तू इतकी विरळ आहे, ती यात्रेतील दुकानांत ओळीने मांडलेली कशी असते?

अमेरिकेहून आलेला शंख

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर सापडते. संयुक्त संस्थानांचा आग्नेय अटलांटिक किनारा व मेक्सिकोचे आखात येथे व्हेल्क नावाच्या मोठ्या गोगलगाईचा एक प्रकार राहतो. लहानपणी त्याच्या कवचावर विजेच्या रेघांसारखे तपकिरी पट्टे असतात, म्हणून त्याला इंग्रजीत लाइटनिंग व्हेल्क म्हणतात. हाही शिकारी प्राणी असून तो मुख्यतः शिंपल्यांवर जगतो. आपल्या कवचाच्या ओठाचा पाचरीसारखा उपयोग करून तो शिंपला उघडतो. टेक्सास राज्याने १९८७ मध्ये याला राज्याचा अधिकृत शंख म्हणून घोषित केले.

या प्राण्याचे वैशिष्ट्य असे की, उलटे वळण हा त्याच्यात अपवाद नसून नियम आहे. भारतीय शंखात जे वळण क्वचित आढळते, ते यात सर्रास असते. साहजिकच असे शंख तिकडे मुबलक मिळतात. अमेरिकेतील मूळ रहिवासीही या कवचाला प्राचीन काळी पवित्र मानीत आणि विधींच्या वेळी पेय पिण्यासाठी त्याचे पेले करीत. म्हणजे त्याच्या मूळ देशात या शंखाला स्वतःची परंपरा व प्रतिष्ठा आहे. परंतु तो भारतीय ग्रंथांतील किंवा भारतीय समुद्रातील शंख नव्हे, आणि तसा सांगून विकणे हे ग्राहकाची दिशाभूल करणे होय.

श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा आहे. कोणत्या शंखाची पूजा करावी हे शास्त्र सांगत नाही. परंतु पैसे मोजून घेतलेली वस्तू सांगितली तीच आहे की नाही, हे पाहण्याचे साधन शास्त्र देऊ शकते.

ओळखण्याच्या खुणा

पुढील खुणा कोणत्याही साधनाशिवाय तपासता येतात.

१) शंख कळस खाली व चोच वर अशा स्थितीत धरून मुख कोणत्या बाजूला येते ते पाहावे. शंख फिरवून किंवा उलटा करून दाखविला जात नाही ना, याची खात्री करावी.

२) मुखात बोट घालून स्तंभिका चाचपावी. पूजेच्या शंखाच्या खांबावर तीन-चार ठळक कंगोरे हाताला लागतात. अमेरिकेतील व्हेल्कच्या खांबावर अशा कंगोऱ्यांची ओळ नसते. ही सर्वांत विश्वसनीय खूण आहे. कवचाची बाहेरची बाजू घासून, पॉलिश करून बदलता येते, परंतु आत खोल गेलेले हे कंगोरे बनविणे सोपे नसते.

३) कवचाची जाडी व वजन पाहावे. भारतीय शंख आकाराच्या मानाने चांगलाच जड असतो आणि त्याचा ओठ जाड असतो. व्हेल्कचे कवच तुलनेने पातळ व हलके असते.

४) खांद्याचा आकार पाहावा. भारतीय शंखाचा खांदा गोलसर असून त्याच्या वरच्या वेटोळ्यांवर लहान गुठळ्या असू शकतात. व्हेल्कच्या खांद्यावर त्रिकोणी उंचवट्यांची ओळ असते आणि त्याची चोच लांब व क्रमाने निमुळती होत जाते.

५) कानाशी धरल्यावर घुमणारा आवाज ही खरेपणाची कसोटी नाही. आजूबाजूचे सूक्ष्म ध्वनी पोकळीत घुमून तो आवाज तयार होतो. कोणत्याही मोठ्या शंखातून, इतकेच काय, रिकाम्या तांब्यातूनही तो ऐकू येतो.

साठा जपण्याचा प्रश्न

शंखाचा उपयोग पूजेपुरता नाही. बांगड्या, शोभेच्या वस्तू, आयुर्वेदातील शंखभस्म, प्रच्छदाचा धूप आणि दक्षिण किनाऱ्यावर खाण्यासाठी मांस, अशा नाना प्रकारे तो वापरला जातो. या मागणीमुळे शंखांच्या साठ्यावर ताण पडतो. पाणबुडा हाताने एकेक शंख उचलतो तेव्हा त्याला लहानमोठा पाहून निवड करता येते. तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यांना ती निवड करता येत नाही. लहान शंख, वाळूतील अंडसंपुटे आणि शंखाचे अन्न असलेले कृमी यांचा तळच त्यात उलथून जातो.

येथे कळसाच्या टोकावरील खूण पुन्हा आठवावी. शंखाची पिले तरंगत दूर जात नाहीत. म्हणून एखाद्या जागेचे शंख संपले तर दुसऱ्या भागातून तेथे नवे डिंभ वाहत येणार नाहीत. उरलेल्या थोड्या शंखांनीच, त्याच वाळूत, हळूहळू संख्या वाढविली तर वाढेल. मोठ्या होण्यापूर्वीच शंख उचलले गेले तर तेही होणार नाही. ठरावीक मापाहून लहान शंख पुन्हा समुद्रात सोडण्याचा नियम तमिळनाडूच्या मासेमारीत फार पूर्वीपासून आहे, त्यामागील कारण हेच होय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन येथील केंद्रात अंडसंपुटांतून पिले वाढवून ती समुद्रात सोडण्याचे प्रयोगही झाले आहेत. कच्छच्या आखातात १९८२ मध्ये आणि मन्नारच्या आखातात १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली. त्यामुळे शंखाच्या दोन्ही मुख्य क्षेत्रांतील काही भागाला संरक्षण मिळाले आहे.

शाळा व ग्रामपंचायती यांच्यासाठी

निसर्गशिक्षणासाठी महागडी साधने हवीत असा एक समज आहे. शंख हे साधन प्रत्येक गावात कोणाच्या ना कोणाच्या घरी उपलब्ध आहे. शिक्षकांनी एक अभिषेकाचा अखंड शंख, एक कळस कापलेला फुंकण्याचा शंख आणि परसात सापडलेल्या गोगलगाईचे रिकामे कवच अशी तीन कवचे वर्गात ठेवावीत. मुलांना त्यांतील फरक स्वतः शोधू द्यावा. टोक असे का, चोच कशासाठी, आतील खांबावर कंगोरे कोणाला आहेत व कोणाला नाहीत, या प्रश्नांची उत्तरे शोधताना प्राण्याचा जन्म, आहार व वर्गीकरण यांचा पाठ आपोआप तयार होईल. भारताच्या नकाशावर शंखाचे प्रदेश रंगवून घेतल्यास भूगोलाचीही जोड मिळेल.

ज्या गावांत वार्षिक यात्रा भरते, तेथील ग्रामपंचायतींनाही या माहितीचा उपयोग आहे. यात्रेतील दुकानांजवळ एका फलकावर वरील पाच खुणा सोप्या भाषेत लिहून ठेवल्या, तर अनेक कुटुंबांची फसवणूक टळेल. शंख विकत घेऊ नका, असे सांगण्याची गरज नाही. काय घेत आहात ते पाहून घ्या, एवढे सांगितले तरी पुरेसे आहे. घरात वडिलोपार्जित शंख असेल तर तो जपून वापरावा. शोभेसाठी आणखी शंख घेण्याचे कारण उरत नाही.

शंखाला भारतीय माणसाने पवित्र मानले, त्याच्या ध्वनीने शुभकार्याचा आरंभ केला, त्याच्या कवचाचे अलंकार केले. या सर्वांमागे वाळूत रुतून, कृमींवर जगत, आपली पिले तरंगत्या लाटांवर न सोपविता संपुटात वाढविणारा एक मंदगती प्राणी आहे. कवचावरील तीन खुणा वाचता आल्या तर देवघरातील शंखाचा मान कमी होणार नाही. उलट, तो कोणत्या समुद्रातून व किती कष्टाने येथवर आला हे कळून, त्याला हातात घेणारा माणूस तो अधिक आदराने व अधिक जबाबदारीने हाताळील.